जपानच्या देवीला बोललेला नवस

पांडुरंग आरोलकरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो समुद्राला दम देत होता.

शुक्रवारची सकाळ होती. माझी बायको हेमा आणि मी बहारीनमधल्या हिद्दच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. हिद्दच्या किनाऱ्याला किनारा म्हणायला मन मोठं लागतं. एका अंगाला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला बंदराच्या क्रेन, आणि भराव टाकून टाकून मधे जो काही समुद्र शिल्लक ठेवलाय तो श्रीमंताच्या लग्नात आलेल्या गरीब मामासारखा अंग चोरून बसलेला. त्या मामात गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, निळा टाय, पँट वर दुमडलेली, बूट नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवलेले आणि हातात सोललेला नारळ. तो ओरडत होता. त्याचं ओरडणं असं, की बंदरातल्या एका मालवाहू जहाजानं घाबरून भोंगा दिला, आणि चिखलात एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो दुसरा पायही उचलता येतो का ते बघू लागले. इराणपर्यंत ऐकू गेलं असणार. त्यांनी शेजारधर्म म्हणून तक्रार केली नाही इतकंच.

"बा देवा म्हाराजा! ह्या परक्या दर्याच्या काठार उभो रवान गाऱ्हाणा घालतंय, ता ऐकान घे! ही म्हातारी लांबसून इली हा. तिच्या पोटाक अन्न लागांदे, तिका झोप येवंदे, नि त्या बंगल्यातल्या एसीचा वाटोळा कर!"

"व्हय म्हाराजा!"

हा 'व्हय म्हाराजा' त्याच्या कमरेच्या उंचीवरून आला. तिथे एक जपानी म्हातारी उभी होती. डोक्याला पांढरा रुमाल, हात जोडलेले, आणि चण एवढीशी, की ही बाई त्यानं खिशात घालून आणली असावी आणि पाण्यात घालून फुलवली असावी असं वाटलं. तिच्या तोंडी 'व्हय म्हाराजा' एखाद्या जपानी सणाच्या आरोळीसारखा वाटत होता. पण ठेका चुकला नव्हता. आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला तो ठेका पाच वर्षांत जमला नसता.

नारळ खडकावर फुटला. मग त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं.

"मराठी?"

"हो."

"खयचे?"

"साताऱ्याचे."

"अरेरे," तो म्हणाला. "म्हणजे समुद्र नाय." सांत्वनाला यावं तसा जवळ येऊन त्यानं आमच्या हातावर खोबऱ्याचा एकेक तुकडा ठेवला. "तरी घेवा."

अशी आमची ओळख झाली.

पांडुरंग शिरोड्याजवळच्या एका वाडीतला. वीसेक वर्षं बहारीनमध्ये ड्रायव्हर. त्याच्या बाजूच्या गावचा देव रात्री हद्दीतून गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या नव्या वहाणा वाहतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला देव म्हणजे ड्यूटीवरचा माणूस वाटतो. त्याला काम सांगायचं, काम झालं की चहापाणी बघायचं, आणि काम झालं नाही तर चार शब्द सुनवायचे. पांडुरंग देवाशी जसा बोलायचा तसाच सगळ्यांशी बोलायचा. आमच्याकडे जेवायला आला की हेमाला म्हणायचा, "वयनी, आमटी बरी हा. पण हिका आमटी म्हणूक धैर्य व्हया." आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

बायको रत्नाबाई आणि मुलगी रंजिता गावी. पांडुरंग दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जायचा, बाकीचा संसार व्हिडिओ कॉलवर. रंजिताचं लग्न ठरत आलेलं होतं आणि घराला नवी खोली चढत होती. या दोन गोष्टींसाठी तो बहारीनमध्ये होता, आणि हे तो दर भेटीत एकदा तरी सांगायचा.

त्याचा साहेब हामागुची हा एका जपानी कंपनीचा इथला प्रमुख. जनाबियात एका कंपाउंडमध्ये त्याचा व्हिला. बाप वारल्यावर गावी आई एकटी राहिली, म्हणून साहेबानं तिला इथे आणलं. तिचं नाव हात्सुए. वय ऐंशीच्या पुढे. पांडुरंग तिला 'आजये' म्हणायचा, आणि ती 'हाय' म्हणायची, म्हणजे जपानीत 'हो'.

आता ही आजी कोण होती, तर समुद्रात बुडी मारणारी बाई. जपानच्या शिमा नावाच्या किनाऱ्यावर अशा बायका असतात; त्यांना तिकडे 'आमा' म्हणतात. नळी नाही, हवेची टाकी नाही. छातीत दम भरायचा, तळाशी जायचं, खडकाला चिकटलेले मोठे शिंपले उचकटायचे आणि वर येऊन लांब शीळ घालत श्वास सोडायचा. पंचाहत्तरी उलटली तरी ती हे करत होती. अशा बाईला तिच्या मुलानं प्रेमानं आणून एका बंद काचांच्या घरात, वाळवंटाच्या दिशेला तोंड असलेल्या खोलीत ठेवलं. वर एसी. साहेबानं पांडुरंगला सांगितलं, आईला मॉल दाखव. पांडुरंगनं बहारीनमधले सगळे मॉल दाखवले. आजी प्रत्येक मॉलमध्ये कारंज्याच्या कठड्यावर बसायची आणि पाण्यात हात घालायची, मग सिक्युरिटीवाला यायचा.

एक दिवस पुलावरून जाताना तिनं समुद्र पाहिला आणि गाडीच्या काचेवर बोटानं टकटक करायला लागली. पांडुरंगनं आरशात बघितलं. "माका तां बघवला नाय, भाऊ," त्यानं मला सांगितलं. "बाजारात चुकलेल्या पोराक आवस दिसली तर ता जसा करता, तसा." तेव्हापासून साहेबाला 'मॉल' सांगून तो तिला हिद्दला न्यायला लागला. हिद्दच का, तर तिथला समुद्र पूर्वेला आहे. पूर्वेला जपान आहे. भूगोलात पांडुरंग पक्का होता.

दोघं बोलायचे कसे? पांडुरंगच्या मोबाइलमध्ये एक बाई होती. आजी जपानीत बोलली की ही बाई ते शुद्ध हिंदीत सांगायची. आजीचं बोलणं मासळीबाजारातलं होतं. नुसत्या आवाजावरून कळायचं. पण मोबाइलमधून निघताना ते दूरदर्शनच्या बातम्यांसारखं निघायचं. आजी अर्धा मिनिट तावातावानं, हात नाचवत, वाळूवर थुंकून काहीतरी बोलायची, आणि मोबाइलमधली बाई म्हणायची, "मेरे दिवंगत पति मछली पकड़ने में अत्यंत अकुशल थे।"

या बाईच्या तोंडून पांडुरंगला शिमाची सगळी माहिती झाली, आणि पांडुरंगच्या तोंडून ती आम्हाला. तिच्या डोक्याच्या रुमालावर दोन खुणा शिवलेल्या होत्या. एक चांदणी, एकाच दोऱ्यानं न तोडता शिवलेली. जिथून सुरू होते तिथेच संपते. खाली गेलेली बाई जिथून गेली तिथेच वर येवो म्हणून. दुसरी उभ्या-आडव्या रेघांची जाळी, समुद्रातल्या वाईट शक्तीवर नजर ठेवायला. शिमापासून जवळ इसे इथे जपानचं मोठं देवस्थान आहे, आणि ते देऊळ दर वीस वर्षांनी उतरवून बाजूच्या जागेत जसंच्या तसं नवीन बांधतात, शेकडो वर्षांपासून. यावर पांडुरंगचं मत, "कमिटी खमकी आसतली. आमच्याकडे वीस वर्सात पत्र्याच्या शेडीचो ठराव पास जाणा नाय."

तिकडेच समुद्रात दोन खडक आहेत, एक मोठा आणि एक लहान. नवरा-बायको. त्यांना भाताच्या काडाच्या जाड दोरानं एकत्र बांधलेलं असतं. खाऱ्या वाऱ्यानं दोर कुजतो, म्हणून वर्षातून तीनदा तो बदलतात. हे ऐकून पांडुरंग हसला होता. "माजी नि रत्नाची दोरी विमानाची, आजये. दोन वर्सातून एकदा." आजी हसली नव्हती. तिनं मोबाइलवाल्या बाईला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं.

आणि तिच्या गावाजवळ एक देवी आहे, जी फक्त बायकांचं ऐकते आणि प्रत्येक बाईची एकच इच्छा पुरी करते. एकच. आजीनं तिची इच्छा अजून वापरली नव्हती.

"ऐंशी वर्सा!" पांडुरंग आमच्या जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाला. "नवरो गेलो, वादळा झाली, झील परदेशात गेलो. तरी हिना देवीकडे कायेक मागूक नाय! आमची रत्ना न्हेरीच्या आधी तीन मागणी घालता!"

एकदा त्यानं आजीला मुहर्रकला नेलं. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचं ते जुनं गाव. इथे बुडी पुरुष मारायचे. पायाला दगड, नाकाला चिमटा, कमरेला दोर. समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते, आणि खाली जाऊन कातडी पिशवीत ते पाणी भरून आणत. आता झरे बहुतेक आटले आणि मोतीही संपले. संपायचं एक मोठं कारण म्हणजे जपान्यांनी मोती शिंपल्यात पिकवायला सुरुवात केली. कुठे? तर आजीच्या शिमात. त्यामुळे पिकवलेला मोती बहारीनमध्ये विकायला आजही बंदी आहे. आजी मात्र गळ्यात गावची मोत्याची माळ घालून मुहर्रकच्या बाजारात शिरली. चंबळच्या खोऱ्यात फौजदारानं वर्दी घालून शिरावं तसं.

जुबैदा नावाची एक म्हातारी तिथे सुया-दोरे विकते. तिला दुकानदारीपुरतं हिंदी येतं. तिनं माळेकडे बघितलं.

"ये हमारा नहीं है."

मोबाइलमधल्या बाईनं ते जपानीत सांगितलं. आजीनं माळ काढली, पिशवीत ठेवली आणि कमरेत वाकली. वाकली ती वर येईचना. पांडुरंगला वाटलं, उसण भरली. शेवटी मोबाइलमधली बाई बोलली, "हमारे मोतियों ने आपके लोगों का काम छीन लिया। मुझे खेद है।"

जुबैदा हातातली दोऱ्याची गुंडी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मेरा दादा गोता मार मार के बहरा हो गया. पूरा मफी, कुछ नहीं बचा. अच्छा हुआ बंद हुआ." आणि आपल्या कानावर हात मारून दाखवला. आजीनं आपला डावा कान पुढे केला आणि त्याच्यावर टिचकी मारली. तिचाही गेलेला होता. मग त्या दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या कानात काय ओरडल्या ते मोबाइलमधल्या बाईलाही कळलं नाही. पांडुरंग बाजूला उभा राहून चहा पीत होता. त्याला दोन कप मिळाले.

इथवर सगळं बरं होतं. पुढचा उन्हाळा आला आणि आजी जेवेनाशी झाली. दुपारभर काचेकडे तोंड करून बसायची. घरी जायचं आहे, एवढंच म्हणायची. हामागुचीसाहेब वाईट माणूस नव्हता. रोज संध्याकाळी आईच्या पायाशी बसून समजावायचा की गावात आता कोणी नाही, शेजारची घरंही बंद आहेत, तुला काही झालं तर दार कोण उघडणार. पांडुरंग स्वयंपाकघराच्या दारातून बघायचा. जपानी त्याला येत नव्हतं, पण म्हातारं माणूस घर मागतंय हे कळायला भाषा कशाला लागते.

एका सकाळी त्यानं तिला गाडीत घातलं आणि हिद्दला नेलं. तिला धरून पाण्यात उभं केलं आणि मोबाइलमधल्या बाईमार्फत सांगितलं, "आजये, तुजी एक इच्छा शिल्लक आसा मां? आता माग. घराक जावचा माग."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मग पूर्वेकडे तोंड करून दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले आणि पुटपुटली. तिचं झाल्यावर पांडुरंगला वाटलं, आपणही जोड द्यावी. वजन पडतं.

"बा देवी माये! तुजा नाव माका म्हायत नाय, गाव म्हायत हा. ही म्हातारी तुजा लेकरू. तिका घराक न्हे. न्हेलंस तर मी, शिरोड्याचो पांडुरंग, सोता येवन तुज्या पायार पाच नारळ नि केळ्यांचो घड ठेवीन. सोता येवन!"

"व्हय म्हाराजा," आजी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

चूक झाली ती इथे. कोकणातला मुरलेला माणूस नवस कसा बोलतो? वकिलानं मसुदा करावा तसा. 'सवडीनं' म्हणतो, 'जमात तसा' म्हणतो, 'माज्या घरचा कोणी' म्हणतो. देवाला पळवाट दिसत नाही आणि माणसाला दिसते, अशी ती भाषा असते. पांडुरंगनं लहानपणापासून ती ऐकलेली होती. पण त्या दिवशी म्हातारीचं मनगट त्याच्या हातात होतं, आणि त्याच्या तोंडून 'सोता येवन' निघून गेलं. तेही दोनदा.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं बहारीनचं ऑफिस बंद केलं. हामागुचीसाहेबाची बदली जपानला, गावापासून गाडीनं दोन तासांवर. शनिवार-रविवार आईकडे राहता येईल, बाकीच्या दिवसांसाठी एक बाई ठेवता येईल. आजी घरी निघाली.

पांडुरंगनं पेढे वाटले. जनाबियातल्या प्रत्येक वॉचमनला दिले, आम्हाला दिले, पेट्रोल पंपावर दिले. संध्याकाळी एका केरळी ड्रायव्हरनं पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "और तेरा विज़ा?"

पांडुरंगचा व्हिसा कंपनीच्या नावावर होता.

विमानतळावर आजीनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या हातात दिला. चांदणीवर बोट ठेवलं, मग त्याच्या छातीवर ठेवलं. मोबाइलमधली बाई म्हणाली, "तुम आओगे।"

"इंशाल्ला," पांडुरंग म्हणाला. देवी जपानची, माणूस कोकणातला, आणि शब्द इथला. विमान उडालं.

मीना सलमान बंदरात एका ठेकेदाराच्या गोदामात त्याला पिकअप चालवायचं काम मिळालं. व्हिसा आपल्या नावावर करून घेतो असं ठेकेदार म्हणाला, आणि तोही 'इंशाल्ला' म्हणाला. हा शब्द ड्रायव्हरनं म्हटला तर आशा असते, ठेकेदारानं म्हटला तर नसते. पिकअपची बॅटरी बसली. मग गिअरबॉक्स. गावी रत्नाबाईचा गुडघा सुजला. नव्या खोलीची भिंत अर्ध्यावर आली आणि गवंडी गोव्याला निघून गेला. आणि रंजिताच्या ठरत आलेल्या लग्नातल्या मुलाकडच्यांनी, आम्ही जरा थांबतो, असा निरोप पाठवला.

रत्नाबाईनं निदान केलं. व्हिडिओ कॉलवर, आमच्यासमोर, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधलेल्या अवस्थेत.

"नवस रवलो हा तुमचो. देवी मागता हा."

"अगो, जपान काय वेंगुर्ला आसा? सकाळी गेलंय नि सांजेक इलंय?"

"ता बोलतेवेळी समाजला नाय? नवस बोलाच्या आधी माका एक फोन करूक काय जाला हुता?"

"तू थय भांडत बसलंस आसतंस!"

"भांडलंय आसतंय तर 'सोता' म्हणूक दिलंय नसतंय!"



मग कौल लावायचं ठरलं. गावच्या देवळात देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रत्नाबाई फोन धरून देवळात उभी राहिली. बहारीनमध्ये आमच्या दिवाणखान्यात पांडुरंग सोफ्यावर न बसता जमिनीवर हात जोडून बसला. पुजाऱ्यानं खड्या आवाजात विचारलं, "म्हाराजा, जपानच्या देवीचो नवस हो पांडुरंग शिरोड्याच्या दर्यार फेडीत, तर चलात काय?"

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. पंखा बंद केला, पुन्हा विचारलं. पाकळ्या जाग्यावर. हेमानं मधे चहा करून आणला, तो संपला, पाकळ्या जाग्यावर.

शेवटी पुजारी फोनवर आला. "पांडग्या, देव बोलणा नाय. हद्दीभायला प्रकरण आसा."

पांडुरंग गेल्यावर मी जरा हसलो. हेमा हसली नाही. ती म्हणाली, "फोन बंद झाला तरी त्यानं जोडलेले हात सोडले नव्हते, बघितलंस का?"

त्यानंतरच्या भेटींत तो आमटीला नावं ठेवेनासा झाला. वाढलं तेवढं मुकाट्यानं खायचा. रुमाल त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात असायचा. मीच मग सुचवलं, हामागुचीसाहेबाला फोन लाव. तुझी अडचण सांग. तिकडून काहीतरी निघेल.

शनिवारी सकाळी आमच्याकडूनच, माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला, पांडुरंगचा मोबाइल शेजारी ठेवून. तिकडे दुपार होती. साहेब आईकडे आलेला होता, आणि आई किनाऱ्यावर दगडावर बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. गाल भरलेले, चेहरा उन्हानं रापलेला. पाठीमागे हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि समुद्र गडद निळा, अंग चोरून न बसलेला. पांडुरंगला बघून तिनं दोन्ही हात वर केले.

"व्हय म्हाराजा!"

 पांडुरंगनं सगळं सांगितलं. आजये, माका येवक जमला नाय. देवी रागावली हा. काम जाता हा, व्हिसा जाता हा, चेडवाचा लगीन मोडता हा. तू तिका सांग, पांडुरंग लबाड नाय.

मधेच साहेब इंग्रजीत म्हणाला, तिकिटाची काळजी करू नकोस, मी बोलावण्याचं पत्र पाठवतो, तू ये. पांडुरंगच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड पडला. तो 'येतंय' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी हसायला लागली. हात हलवत काहीतरी बोलली. मोबाइलमधली बाई म्हणाली, "देवी क्रोधित नहीं हैं। यह मेरी इच्छा थी।"

"काय?"

"उस दिन मैंने घर जाना नहीं माँगा। मैं बूढ़ी हूँ, कहीं भी मर सकती थी। मैंने माँगा कि यह आदमी अपनी पत्नी के पास घर जाए।"

 आजी आनंदानं सांगत होती. ऐंशी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट योग्य ठिकाणी लागली, याचं समाधान तिच्या सगळ्या सुरकुत्यांत होतं. "दो पत्थरों के बीच की रस्सी वर्ष में तीन बार बदलनी पड़ती है," मोबाइलमधली बाई म्हणाली. "तुम्हारी अंतिम बार कब बदली थी?"

पांडुरंग उठून उभा राहिला. मी त्याला समुद्राला दम देताना पाहिलं होतं, पण तो आवाज लाडाचा होता. हा तसा नव्हता.

"आजये, तुका कोणी सांगल्यान? मी रडत इललंय तुज्याकडे, माका घराक धाड म्हणान? माजी भिंत अर्धी आसा! चेडू लग्नाचा आसा! घराक जावन काय करू, रत्नाच्या गुडघ्याक पालो बांधीत बसू? तुजी एकच इच्छा हुती मगो, ती माज्यार कित्याक घातलंस? माका इचारूक तरी व्हया हुता!"

मोबाइलमधल्या बाईनं याचं जे काही जपानी केलं, ते फारच थोडक्यात झालं. आजीनं नेमकं काय ऐकलं, आम्हाला कळलं नाही. तिचं हसू हळूहळू थांबलं. तिनं चांगला कान फोनजवळ आणला, जणू आपल्यालाच नीट ऐकू आलं नसावं. मग दगडावरून उतरली, आणि मुहर्रकच्या बाजारात वाकली होती तशी वाकली.

पांडुरंगनं कॉल बंद केला.

हेमा म्हणाली, "भाऊजी, परत लावा. असं सोडू नका."

"लावतंय, वयनी. व्हिसाचा जावंदे. मगे लावतंय."

साहेबाचं पत्र आलं, पांडुरंगनं ते उघडलं नाही. ठेकेदाराचं 'इंशाल्ला' आधी 'बुकरा' झालं, म्हणजे उद्या, आणि मग एक दिवस सरळ 'मफी' झालं, म्हणजे नाहीच. व्हिसा संपला. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. रुमाल शर्टाच्या खिशातच होता. मी म्हटलं, आजीला फोन केलास का? तो म्हणाला, "घराक पोचतंय नि रत्नाक वांगडा घेवन लावतंय. तां बघून बरा वाटात तिका."

तो गावी पोचला आणि दुसऱ्याच दिवशी शिरोड्याच्या किनाऱ्यावर पाच नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन गेला. तिथे एक घोळ झाला. शिरोड्याचा समुद्र पश्चिमेला, आणि जपान पूर्वेला. भूगोलात पक्का असलेला पांडुरंग समुद्राकडे पाठ करून, माडांच्या बागेकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं. वाडीतली माणसं बघायला जमली. 'व्हय म्हाराजा' म्हणायला रत्नाबाई होती. नवस फिटला की नाही, हे विचारायला कौल लावायचं धाडस कोणी केलं नाही.

फोन मात्र रत्नाबाईच्या गुडघ्यामुळे, मग रंजितासाठी आलेल्या नव्या स्थळामुळे, मग पावसामुळे राहत गेला. थंडीत हामागुचीसाहेबाचा मला मेसेज आला. आई झोपेत गेली. पांडुरंगचा नंबर लागत नाही, त्याला कळवावं.

मी कळवलं.  तो म्हणाला, "बरा," आणि फोन ठेवला.

घरी तो सात-आठ महिने राहिला. आता मस्कतला आहे. पाण्याचा टँकर चालवतो.